पंपाच्या ड्राइव्हवर पुन्हा पुन्हा येणारा ‘कम्युनिकेशन फॉल्ट’: वायरलेसवर कंट्रोल लूप चालवताना काय तपासावं

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या प्रोसेसिंग कारखान्यांत ही मांडणी आता जागोजाग दिसते. पंपहाऊस प्लॉटच्या एका टोकाला, कापड रंगवायचं डाईहाऊस दुसऱ्या टोकाला. मध्ये गोडाऊन, ट्रक उभे राहायची जागा, कधी चक्क एमआयडीसीचा रस्ता. चर खणून केबल टाकणं जमत नाही, म्हणून दोन्ही छपरांवर वायरलेस ब्रिज, म्हणजे दोन जागा हवेतून जोडणारी रेडिओंची जोडी. डाईहाऊसच्या हेडरवर, म्हणजे पाणी वाटणाऱ्या मुख्य पाइपवर, प्रेशर ट्रान्समीटर, तिथल्याच पॅनलमध्ये पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक. पीएलसी पीआयडी लूप सोडवतो (प्रेशर मोजून पंपाचा वेग किती हवा हा हिशेब सतत करतो) आणि मॉडबस टीसीपी या नेटवर्कवरच्या औद्योगिक भाषेतून पलीकडच्या पंपाच्या ड्राइव्हला, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाला, वेग सांगतो.

आठवडाभर सगळं सुरळीत असतं. मग एके दिवशी ड्राइव्ह कम्युनिकेशन फॉल्टवर ट्रिप होतो, हेडरचं प्रेशर पडतं, धुलाईला पाणी कमी पडतं आणि लॉटच्या शेडमध्ये फरक येतो. फिटर शिडी लावून वर चढतो, रेडिओ बंद-चालू करतो, पंप पुन्हा धरतो. काही दिवसांनी तेच. अक्कलकोट रोडवर, चिंचोळीत, होटगी रोडला हीच तक्रार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकली आहे. बहुतेक ठिकाणी उपाय म्हणून आधी अँटेना मोठा केला जातो, नंतर महागडा रेडिओ येतो. मूळ कारण तसंच राहतं आणि फॉल्टही परत येतो.

रिस्टार्ट केल्यावर का चालतं

रिस्टार्टने तीन गोष्टी होतात. रेडिओच्या रांगेत साचलेली पॅकेट्स पुसली जातात. ‘ऑटो’वर ठेवलेला चॅनल त्या घडीला जो मोकळा दिसेल तो पकडतो. आणि खाली घसरलेला लिंकचा डेटा-रेट नव्याने मोजला जातो. या तिन्हींचा परिणाम तात्पुरता असतो. शेजारच्या प्लॉटमधला राउटरही ऑटोवरच असतो, तोही जागा बदलत राहतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एमआयडीसीत ऑफिस, वॉचमनची केबिन, शेजारचं युनिट, कामगारांचे हॉटस्पॉट असे सगळे त्या तिघांतच दाटीवाटीने बसतात. म्हणून पहिली पायरी वाद न घालता करून टाका. ब्रिज ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि चॅनल हाताने पक्का करा. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेपासून ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या शक्तिमर्यादेत बाहेरच्या वापरालाही परवानामुक्त आहेत. २.४ वर अडून राहण्याचं कारण उरलेलं नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. चॅनल बदलून बरा वाटलेला लूप महिन्याभराने पुन्हा आजारी पडलेला मी पाहिला आहे, कारण खरा दोष हवेत नव्हताच. तो त्याच लिंकवरून जाणाऱ्या दुसऱ्या ट्रॅफिकमध्ये होता.

आधी मोजा, आणि योग्य तेच मोजा

स्पीड टेस्ट घेऊन ‘८० मेगाबिट येतात, लिंक उत्तम’ असं सांगितलं जातं. कंट्रोलला ८० मेगाबिट नकोच असतात. मॉडबसचा एक निरोप काही डझन बाइटचा असतो. त्याला हवं ते एकच: तो ठरलेल्या वेळेत पोहोचावा, प्रत्येक वेळी. सरासरी उशीर ४ मिलिसेकंद असलेली लिंक दिवसातून दोनदा दीड सेकंद गप्प बसत असेल, तर सरासरी अजूनही सुंदरच दिसते आणि ड्राइव्ह ट्रिप झालेला असतो. म्हणून सर्वात मोठा खंड किती आणि तो किती वाजता पडला, हेच धरून बसायचं.

विंडोजचा साधा पिंग (‘पोहोचतंय का’ असं विचारणारं चाचणीचं पॅकेट) सेकंदाला एकदाच जातो. अर्ध्या सेकंदाचे खड्डे त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये निसटतात. लिनक्सच्या लॅपटॉपवरून दर ०.१ ते ०.२ सेकंदाला छोटं पॅकेट पाठवत, वेळेच्या नोंदीसह पूर्ण दिवस-रात्र पिंग चालू ठेवा. एकाच वेळी तीन ठिकाणी: जवळच्या रेडिओला, पलीकडच्या रेडिओला आणि पलीकडच्या ड्राइव्हला. पहिलाच अडखळत असेल तर दोष तुमच्या पॅनलमधल्या केबलचा किंवा स्विचचा. पहिला स्वच्छ आणि दुसरा अडखळत असेल तर हवेचा किंवा रेडिओच्या रांगेचा. दोन्ही स्वच्छ आणि तिसराच वाईट असेल तर ड्राइव्हचं कम्युनिकेशन कार्ड एकाच वेळी चार जणांना उत्तर देत दमलेलं असतं. हा शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच आढळतो. एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), स्काडा (देखरेखीचं सॉफ्टवेअर), एनर्जी रिपोर्ट काढणारा संगणक, सगळे त्याच कार्डाला विचारत बसलेले असतात.

याहून चांगलं साधन पीएलसीतच आहे आणि ते फुकट आहे. पंपहाऊसच्या बाजूला छोटा पीएलसी असेल तर डाईहाऊसच्या पीएलसीने प्रत्येक फेरीत एक आकडा एकने वाढवून पाठवायचा. पलीकडच्याने शेवटचा नवा आकडा येऊन किती मिलिसेकंद झाले ते मोजायचं आणि दर तासाचा सर्वात मोठा खंड एका रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या मेमरीतल्या एका खणात) ठेवायचा. पलीकडे पीएलसी नसेल तर मॉडबसच्या विनंतीपासून उत्तरापर्यंतचा वेळ मोजूनही काम भागतं. लॅडरच्या, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅमच्या, पाच-सहा ओळींचं हे काम आहे. पण पुढच्या प्रत्येक बदलाने फरक पडला की नाही, हे अंदाजावर न राहता आकड्यावर ठरतं. बदल करण्याआधीचे किमान दोन-तीन दिवस नोंदवून ठेवा, त्यात रविवार किंवा सुट्टीचा दिवस येऊ द्या. सुट्टीच्या दिवशी खंड नाहीसे होत असतील तर पाऊस, तापमान, अँटेना यांना बाजूला ठेवा आणि माणसांच्या हालचालींकडे वळा.

बहुतेक वेळा सापडणारा गुन्हेगार: कॅमेरे

पंपहाऊसच्या बाजूला सीसीटीव्ही लावायचे ठरतं. ब्रिज आधीच आहे, मग कॅमेऱ्यांचीही वायर त्याच स्विचमध्ये जाते. प्रत्येकी ४ मेगाबिटचे आठ कॅमेरे म्हणजे ३२ मेगाबिट. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या, दोन स्ट्रीमच्या ८०२.११एन लिंकचा कागदावरचा वेग १४४ मेगाबिट असल्याने कोणाला काही वाटत नाही. पण सिग्नल थोडा पडला की रेडिओ स्वतःहून खालच्या रेटवर उतरतो, वाईट क्षणी १३ मेगाबिटपर्यंतसुद्धा. तेवढ्या काळात ३२ मेगाबिट १३ मध्ये बसवायचे असतात. उरलेली पॅकेट्स रांगेत थांबतात. १५०० बाइटची २५६ पॅकेट्स रांगेत असतील तर १३ मेगाबिटवर ती उपसायलाच साधारण पाव सेकंद जातो, आणि प्रत्यक्षात हवेतला बराच वेळ पोचपावत्या व प्रतीक्षेत जात असल्याने त्याहून बराच जास्त. तुमचा चिमुकला मॉडबस निरोप या सगळ्यांच्या मागे उभा असतो.

इथे वेळेची जुळवणी करा. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), पीएलसी आणि लॅपटॉप यांची घड्याळं आधी एक करून घ्या, नाहीतर सगळा तपास वाया जातो. मग खंड पडण्याच्या वेळा पाळी बदलण्याच्या वेळांशी ताडून बघा. माणसांची वर्दळ वाढली की कॅमेऱ्याच्या चित्रात बदल वाढतो आणि व्हेरिएबल (चित्रानुसार बदलणाऱ्या) बिटरेटवर असलेला कॅमेरा जास्त डेटा सोडतो. मालकांनी घरून मोबाइलवर सगळे कॅमेरे एकदम उघडले, तरी काही मांडण्यांत तो व्हिडिओ पुन्हा त्याच ब्रिजवरून जातो.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. कॅमेऱ्यांचा बिटरेट स्थिर ठेवा आणि स्विचच्या पोर्टवरच त्यांना मर्यादा घाला, अशी की लिंक वाईट रेटवर असतानाही जागा शिल्लक राहील. शक्य असेल तर एनव्हीआर पंपहाऊसमध्येच ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंग ब्रिजवरून जाणारच नाही. आणि कंट्रोलच्या ट्रॅफिकला वेगळी रांग द्या.

प्राधान्य देताना होणारी चूक

वायफायमध्ये प्राधान्याची सोय २००५ च्या ८०२.११ई सुधारणेतून आली. रेडिओच्या सेटिंगमध्ये ती डब्ल्यूएमएम नावाने दिसते. चार रांगा असतात: व्हॉइस, व्हिडिओ, साधी आणि बॅकग्राउंड. प्रत्येक रांगेला हवेत बोलण्याआधी काही काळ थांबून यादृच्छिक स्लॉट मोजावे लागतात. साध्या रांगेसाठी हा आकडा सुरुवातीला ० ते १५ मधला, आणि टक्कर झाली की दुप्पट होत १०२३ पर्यंत जातो. व्हॉइस रांगेसाठी तो ० ते ३, आणि फार तर ७. म्हणजे गर्दीतही व्हॉइस रांगेतला निरोप लवकर सुटतो.

नुसतं डब्ल्यूएमएम चालू केल्याने मात्र काहीच होत नाही, कारण बहुतेक पीएलसी आपल्या पॅकेट्सवर प्राधान्याची खूण घालतच नाहीत. ती मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर घालावी लागते: अमुक पोर्टवरून आलेलं किंवा मॉडबसच्या टीसीपी पोर्ट ५०२ वरचं जे काही, त्यावर खूण. आणि ती दोन्ही टोकांना घालावी लागते. विनंतीला प्राधान्य आणि उत्तर मात्र कॅमेऱ्यांच्या रांगेत, अशी अर्धवट मांडणी नेहमी सापडते.

दुसरा सापळा खुणेच्या आकड्याचा. ‘तातडीचं’ म्हणून बहुतेक जण डीएससीपी (पॅकेटवरची सहा बिटांची प्राधान्याची खूण) ४६ देतात. अनेक उपकरणं त्या सहा बिटांतले पहिले तीनच बघतात. ४६ म्हणजे १०१११०, पहिले तीन बिट १०१ म्हणजे ५, आणि वायफायमध्ये ५ ची जागा व्हिडिओच्या रांगेत आहे. म्हणजे कॅमेऱ्यांच्या स्विचनेही आपल्या पॅकेट्सना व्हिडिओची खूण दिली असेल तर तुमचं कंट्रोल पुन्हा त्यांच्याच शेजारी. ही विसंगती इतकी सर्रास आहे की २०१८ मध्ये आरएफसी ८३२५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने ४६ ला व्हॉइस रांगेत, म्हणजे ६ वर बसवावं असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या रेडिओत जुळणीचा तक्ता बदलता येत असेल तर तो बदला. नसेल तर कंट्रोलला ४८ द्या, म्हणजे पहिले तीन बिट ११० होतात.

व्हॉइस रांगेत फक्त कंट्रोल जाऊ द्या. तिथली प्रतीक्षा-खिडकी लहान असल्यामुळे जास्त उपकरणं तिच्यात घुसली तर टकरा वाढतात. शिवाय हे प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. सोलापूरच्या सात रस्ता चौकात रुग्णवाहिकेला सगळे वाट देतात, पण चौक आधीच गच्च अडकला असेल तर सायरन वाजवूनही ती हलत नाही. म्हणूनच कॅमेऱ्यांवरची मर्यादा आधी, प्राधान्य नंतर.

काही बाहेरचे पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ वायफायची ही पद्धत न वापरता स्वतःची वेळ-वाटप पद्धत वापरतात. त्यांच्यात डब्ल्यूएमएमचा विचार लागू नाही. त्यांच्या मॅन्युअलमध्ये रांगांची स्वतंत्र सेटिंग असते, ती बघावी. कंट्रोलसाठी हे रेडिओ मला जास्त पसंत आहेत, कारण त्यांचा वाईट दिवसही सहसा मोजता येण्यासारखा असतो.

टीसीपीचा हिशेब

हवेत पॅकेट हरवलं तर रेडिओ आधी स्वतः अनेकदा पुन्हा पाठवून बघतो. तेही हुकलं तर काम टीसीपीवर (पॅकेट पोहोचल्याची खात्री करणाऱ्या नियमांवर) येतं, आणि टीसीपी सावकाश माणूस आहे. लिनक्सवर आधारलेल्या कंट्रोलरमध्ये पुन्हा पाठवण्याआधीचा किमान थांबा २०० मिलिसेकंद असतो आणि प्रत्येक अपयशाला तो दुप्पट होतो. सलग तीनदा हुकलं तर २०० + ४०० + ८००, म्हणजे १.४ सेकंद. ड्राइव्हचा वॉचडॉग (ठरलेल्या वेळेत निरोप न आल्यास फॉल्ट देणारा टायमर) १ सेकंदावर असेल तर ट्रिप ठरलेली. एवढ्या उशिरा पोहोचलेला वेगाचा हुकूम शिळाही झालेला असतो.

म्हणून पॅकेट्सची संख्या कमी करा. वायफायवर छोट्या निरोपालाही थांबणं, बोलणं, पोचपावती हे सगळं सोपस्कार मोठ्या निरोपाइतकंच करावं लागतं. एकेक रजिस्टर वेगळं वाचू नका. मॉडबसच्या एका विनंतीत सलग १२५ रजिस्टर वाचता येतात. पाण्याच्या हेडरचं प्रेशर २० मिलिसेकंदाला बदलत नाही, तिथे २०० मिलिसेकंदाची फेरी पुरते. एनर्जी मीटर १० सेकंदाला एकदा वाचला तरी कोणाचं नुकसान नाही.

थोडक्यात तपासायच्या बाकी गोष्टी

लिंक पूर्ण नाहीशी होऊन साधारण मिनिटाने परत येत असेल तर डीएफएस (रडारला वाट मोकळी करून देण्याचा नियम) बघा. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झमध्ये रडारसारखा स्पंद ऐकू आला की रेडिओने चॅनल सोडायचा असतो, आणि नव्या चॅनलवर बोलण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकत राहायचं असतं. कधी रडार नसतानाही रेडिओ फसतो. हवामानाची सी-बँड रडार याच भागात चालतात. सोलापुरात तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांवरच्या कायपीक्स प्रयोगासाठी तसलं रडार बसवलं होतं. कंट्रोलचा ब्रिज ५७२५ च्या वरच्या किंवा ३६ ते ४८ या चॅनलांवर ठेवा, हा प्रश्नच मिटतो.

चॅनलची रुंदी ८० वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. रुंदी निम्मी झाली की रेडिओच्या कानावर येणारा गोंगाट ३ डेसिबलने घटतो. ८० वरून २० म्हणजे ६ डेसिबलचा फायदा, तोही एक पैसा न खर्चता. रेडिओचा सर्वात वरचा रेटही कापून ठेवा, म्हणजे तो वर-खाली धावत बसणार नाही.

ठरावीक १०० मिलिसेकंदांच्या आसपासचे उशीर दिसत असतील तर क्लायंट बाजूचा पॉवर-सेव्ह चालू राहिला असेल, बीकन (अ‍ॅक्सेस पॉइंटची ठरावीक हाक) १०२.४ मिलिसेकंदाला येतो आणि झोपलेला रेडिओ त्याची वाट बघतो. पॉवर-सेव्ह बंद करा, बॅकग्राउंड स्कॅनिंगही बंद. दोन छपरांवर कायमच्या खिळलेल्या रेडिओला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधत फिरण्याचं काही कारण नाही.

दुपारीच खंड पडत असेल तर आधी ट्रक बघा. गाठी भरलेला उंच ट्रक रेषेत उभा राहिला की झालं. नुसतं समोरचं दिसणं पुरत नाही: ५.८ गिगाहर्ट्झवर ६०० मीटर अंतराच्या मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे २.८ मीटर असते आणि तिचा ६० टक्के भाग तरी मोकळा लागतो. कडुलिंबाची फांदी उन्हाळ्यात पालवते आणि पावसाळ्यात ओली होते, दोन्ही वेळा सिग्नल खाते. ट्रकही नाही, झाडही नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारीच त्रास असेल, तर पत्र्याखालच्या पॅनलमध्ये थर्मामीटर ठेवून बघा. ४० अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेला घरगुती अ‍ॅडॉप्टर किंवा स्विच तिथे टिकत नाही. फॅनच्या जाळीवर सुताची पिंजण साचली असेल तर आणखी लवकर जातो.

ड्राइव्हच्या आवाजाने वायफाय बिघडतं, हे सर्वांच्या तोंडी असतं. ड्राइव्हचा विद्युत गोंगाट मुख्यतः काही किलोहर्ट्झ ते काही दहा मेगाहर्ट्झमध्ये असतो, तो ५ गिगाहर्ट्झच्या हवेत पोहोचत नाही. पण मोटर केबलशेजारून ओढलेल्या इथरनेट केबलमध्ये आणि रेडिओच्या सप्लायमध्ये नक्की घुसतो. स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (बिघडून आलेल्या पॅकेट्सची मोजणी) वाढत असतील तर हाच प्रकार. केबल वेगळ्या ट्रेमधून न्या, शील्ड असलेली वापरा, अर्थिंग तपासा. व्होल्टेजच्या झटक्याने रेडिओ रीबूट होतोय का हे त्याच्या अपटाइमवरून लगेच कळतं. दोन्ही टोकांना छोटा यूपीएस हवाच.

लूपच दुसरीकडे हलवा

वरचं सगळं केल्यावर खंड क्वचित पडतील, पण पडतील. म्हणून माझं ठाम मत: पंपाचा वेगवान लूप वायरलेसवरून नेऊच नये. पंपाच्या डिस्चार्जवर दुसरा प्रेशर ट्रान्समीटर लावा, त्याची ४-२० मिलिअँपिअरची वायर थेट ड्राइव्हच्या अ‍ॅनलॉग इनपुटला द्या आणि ड्राइव्हमधला पीआयडी वापरा. बहुतेक ड्राइव्हांत तो असतोच. डाईहाऊसच्या पीएलसीने फक्त सेट पॉइंट (किती प्रेशर हवं तो आकडा) पाठवायचा, हेडरचं प्रेशर बघून दर पाच-दहा सेकंदांनी थोडा वर-खाली करत. आता दोन सेकंद लिंक गेली तरी पंप शेवटच्या सेट पॉइंटवर शांत चालत राहतो. ट्रान्समीटरचा खर्च नव्या रेडिओपेक्षा जास्त होत नाही.

हेडरवरची सुधारणा पीएलसीतल्या पीआयडीने करत असाल तर लिंक शिळी झाली की त्याचा इंटिग्रल (साचत जाणाऱ्या चुकीचा हिशेब) जागीच गोठवा. नाहीतर लिंक नसलेल्या काळात तो चढत राहतो, लिंक परतताच सेट पॉइंट उसळी घेतो आणि पाइपमध्ये पाण्याचा हातोडा बसतो.

आणि वॉचडॉग. फॉल्ट येतो म्हणून तो १ सेकंदावरून ३० सेकंदांवर नेणं किंवा बंदच करणं हा उपाय मी कोणालाही करू देत नाही. लिंक गेल्यावर काय करायचं ते बदला. सेट पॉइंटची लिंक गेली तर ड्राइव्हने आधीच्या सेट पॉइंटवर ठरावीक काळ चालावं, अलार्म द्यावा, आणि त्यानंतरही लिंक न आल्यास सुरक्षित वेगावर यावं. टाकी रिकामी, बॉयलरचं पाणी कमी, इमर्जन्सी स्टॉप, ही कामं कायम तांब्याच्या तारेने, स्वतंत्र. कापडाचा ताण सांभाळणाऱ्या ड्राइव्हांचा आपसातला ताळमेळही तसाच वायरने. त्यांना काही मिलिसेकंदांची अचूकता लागते.

रस्ता आडवा नसेल आणि खांबांवरून ऑप्टिकल फायबर नेता येत असेल, तर एवढ्या खटपटीत न पडता फायबर टाका.

काम झाल्यावर पॅनलच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवा: चॅनल, रुंदी, वरचा रेट, दोन्ही टोकांचा सिग्नल, कॅमेऱ्यांची पोर्ट-मर्यादा, वॉचडॉगचा काळ, आणि त्या आठवड्यातला सर्वात मोठा खंड किती मिलिसेकंदांचा होता तो. मेंटेनन्सवाल्याने महिन्यातून एकदा त्या रजिस्टरमधला आकडा शेजारी लिहायचा. २०० मिलिसेकंदाच्या फेरीसाठी तो ५०० च्या आत असेल तर हात लावायचा नाही. वाढायला लागला तर ड्राइव्ह ट्रिप व्हायच्या आधीच शेजारी नवा रेडिओ लागलाय का, नवे कॅमेरे जोडलेत का, बाहेरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, या क्रमाने बघायचं. पहिल्या मोठ्या पावसानंतर ही पाहणी महिन्याची वाट न बघता करावी.